‘छान आलाय’ म्हणून थांबायचं नाही: बोर्डीचे फोटो आणि टीका करण्याची रीत

संशोधनाच्या तयारीला लागलेली मुलं मला बरेचदा विचारतात, की सेमिनारमध्ये दुसऱ्याच्या कामावर बोलायची वेळ आली की बोलायचं काय? ‘छान झालंय’ म्हटलं तर आपल्यालाच खोटं वाटतं. चूक काढली तर समोरचा दुखावतो. गप्प बसलो तर गाईड नंतर विचारतात, तुझं मत काय ते कळलंच नाही. उलटा प्रश्नही असतोच. आपल्या कामावर लोक बोलतात तेव्हा त्यातलं घ्यायचं काय नि सोडायचं काय? हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात सॅम्पलिंगवर प्रश्न येतो, टीका ऐकण्यावर येत नाही.

म्हणून आज हौशी फोटोग्राफरांबद्दल लिहिते. आता तुम्ही म्हणाल, याचा आणि पीएचडीचा काय संबंध? संबंध असा, की प्रबंध वाचायला महिना लागतो आणि फोटो एका नजरेत दिसतो. त्यामुळे त्याच्यावर कोण काय बोललं, ते बोलणं नेमकं कशाला लागू पडलं आणि कुठे नुसतंच हवेत गेलं, हे आपल्याला लगेच तपासता येतं. टीकेचा अभ्यास करायला इतकी सोयीची जागा दुसरी नाही.

जागा म्हणून बोर्डी घेऊ. डहाणूच्या उत्तरेला, घोलवड स्टेशनला उतरून जायचं. लांबलचक सपाट किनारा, त्याला लागून सुरूची झाडं, मागे चिकूच्या वाड्या, त्यांतल्या काही जुन्या इराणी कुटुंबांच्या. मुंबईहून सकाळच्या गाडीने निघून रात्री परत येता येतं, म्हणून रविवारी खांद्याला कॅमेरा लावलेली माणसं इथे हमखास दिसतात. बहुतेकांकडे डिजिटल असतो. पण अलीकडे पुन्हा फिल्म वापरणारे पंचविशीतले पोरंपोरीही बरेच दिसतात, वडिलांचा नाहीतर काकांचा जुना कॅमेरा दुरुस्त करून घेतलेले.

आणि हे सगळे मिळून एकच फोटो काढतात. तो तुम्हीही पाहिलाय. ओहोटीची ओली वाळू, तिच्यात आकाशाचं प्रतिबिंब, एका बाजूला सुरूची काळी रेघ, मध्ये कुठेतरी चालणारा एकटा माणूस, आणि सूर्य पाण्याला टेकायच्या बेतात. वाईट फोटो नाही हा. पण संध्याकाळी चहाला टेकल्यावर त्याच्यावर जे बोललं जातं ते ऐका. ‘क्षितिज जरा तिरकं गेलंय.’ ‘माणूस डावीकडे एक-तृतीयांशावर हवा होता.’ ‘सूर्याभोवती सगळं पांढरं जळलंय.’ ‘लेन्स कुठली?’ आणि अर्थातच, ‘मस्त!’

यातलं प्रत्येक वाक्य खरं असू शकतं. माझी तक्रार वेगळी आहे. ही वाक्यं हाच फोटो काय, काश्मीरच्या तळ्याचा फोटो काय, कुठल्याही फोटोला चालतील. ती फोटो न पाहता तोंडपाठ म्हणता येतात. आपल्या सेमिनारमधली वाक्यं आठवा: ‘संदर्भ जरा अद्ययावत करा’, ‘सॅम्पल साइझ वाढवता येईल का?’, ‘थिऑरेटिकल फ्रेमवर्क आणखी स्पष्ट हवं.’ काम न वाचता ही तीन वाक्यं फेकता येतात, आणि फेकली जातात. ज्याने वर्षभर काम केलंय तो ती वहीत लिहून घेतो आणि घरी जाऊन त्यांचं काय करायचं हे त्याला कळत नाही.

त्या एक-तृतीयांशाच्या नियमाचंच बघा. तो जणू आकाशातून पडलाय असं लोक बोलतात. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकार-खोदकामकाराने १७९७ साली ग्रामीण दृश्यांवरच्या एका पुस्तकात तो मांडला, निसर्गचित्रात प्रकाश-अंधाराचं नि जमीन-आकाशाचं प्रमाण कसं ठेवावं याबद्दल बोलताना. म्हणजे कॅमेऱ्याचा शोध लागायच्या आधी, दुसऱ्या माध्यमासाठी, एका माणसाने दिलेला सल्ला होता तो. आज तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर रेघा मारून छापलेला येतो. सल्ला वाईट नाही, पण तो कशासाठी दिला होता हे विसरून तो कसोटी म्हणून वापरणं वाईट. तुमच्या विषयात ‘असंच करतात’ म्हणून चालत आलेली एखादी पद्धत असेल, तिचंही मूळ एकदा शोधून बघा. फार मजा येते.

मग या फोटोवर उपयोगाचं वाक्य कुठलं? एक उदाहरण देते. समुद्राशी रोजचा संबंध असलेल्या कुणालाही हा फोटो दाखवा. तो पहिल्यांदा क्षितिज बघत नाही, पाणी बघतो. म्हणतो, ओहोटी आहे, म्हणजे पौर्णिमा नाहीतर अमावास्येच्या आसपासचा दिसतोय. आपल्या या किनाऱ्यावर त्या दिवसांत भरती साधारण दुपारच्या सुमाराला येते, म्हणून सूर्यास्ताला पाणी लांब गेलेलं असतं. बोर्डीचा उतार इतका कमी, की ओहोटीला समुद्र चालत गाठावा लागतो. रोज भरतीची वेळ पाऊणएक तासाने पुढे सरकते, आणि अष्टमीच्या सुमाराला संध्याकाळी पाणी वर असतं. तेव्हा आरसा नाही, एकटा माणूस नाही, लाटा जवळ आलेल्या. ‘अष्टमीला ये आणि याच जागेवरून काढ’ हे एक वाक्य घ्या. ते या आणि याच फोटोबद्दल आहे, फोटो काढणाऱ्याला उद्या करता येईल असं काम देतं, आणि त्याला कळून येतं की आपण जे ‘बोर्डीचं सौंदर्य’ म्हणून दाखवतोय ती खरंतर पंधरवड्यातल्या चार दिवसांची एक वेळ आहे. संशोधनाच्या भाषेत, त्याचा नमुना एकाच बाजूने घेतलेला आहे. पण ‘सॅम्पल बायस्ड आहे’ असं म्हटलं असतं तर त्याने ते वहीत लिहून घेतलं असतं आणि विसरला असता.

बरं, माणसं तंत्रावरच का बोलतात? याचं एक चांगलं उत्तर फ्रान्समध्ये साठच्या दशकात शोधलं गेलं. पिएर बोर्द्यू आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सामान्य लोकांच्या फोटोग्राफीवर मोठा अभ्यास केला, तो १९६५ साली पुस्तकरूपाने आला. (कोडॅकच्या फ्रेंच कंपनीच्या मदतीने झालेला अभ्यास आहे तो; पैसे कॅमेरेवाल्यांचे आणि निष्कर्ष त्यांना फारसे सुखावणारे नाहीत, म्हणून मला तो जास्तच आवडतो.) त्यात रोबेर कास्तेल आणि डोमिनिक श्नॅपर यांचं कॅमेरा क्लबांवर एक प्रकरण आहे. त्याचा मला समजलेला गाभा असा: क्लबात येणाऱ्याला बारशाचे नि सहलीचे फोटो काढणाऱ्या बाकीच्यांपासून आपण वेगळे आहोत हे दाखवायचं असतं. मग तो कुणी चित्रकलेचे नियम पकडतो, कुणी तंत्र पकडतो. म्हणजे ‘हायलाइट्स जळल्यात’ हे वाक्य फोटोबद्दल कमी आणि बोलणाऱ्याबद्दल जास्त असतं. मला कळतं, एवढंच ते सांगतं. आता पुढच्या सेमिनारमध्ये कुणी फूकोचं नाव घेतलं की बघा, ते समोरच्या कामासाठी घेतलंय की स्वतःसाठी.

आपल्याकडची गोष्ट त्याहून जुनी आहे. लंडनला फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५३ साली, आणि लगेच पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या सोसायटीत होते. १८५६ ते ५८ या काळात मुंबईतून फोटोंचा जो अल्बम निघाला त्याच्या नावातच ‘अमॅच्युअर’ होतं. तेव्हाचा हौशी म्हणजे डॉक्टर, लष्करी अधिकारी, शिकलेले गृहस्थ. रसायनं स्वतः कालवणारे. चार जणांनी एकत्र बसून प्रिंट बघायची, कुठलं रसायन का बिघडलं ते सांगायचं, हे तिथलं काम. तंत्रावर बोलणं तेव्हा गरजेचंच होतं, कारण काच काळी पडली तर फोटोच नसायचा.

पुढे याचं सलोन झालं. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ ची, आंतरराष्ट्रीय महासंघ १९५० चा, आपला देशपातळीवरचा महासंघ १९५३ चा. सलोनची पद्धत ढोबळमानाने अशी: तीन परीक्षक बसतात, फोटो काही सेकंद समोर येतो, प्रत्येकजण आकडा देतो, तिघांची बेरीज होते, ठरावीक रेषेच्या वर गेला तर ‘स्वीकृत’. अशा स्वीकृती वेगवेगळ्या देशांतून जमवत गेलं की नावापुढे अक्षरं लावता येतात. यातून खूप चांगले फोटोग्राफर तयार झालेत, हे मान्य. एरवी ज्याला कुणी विचारलं नसतं अशा लहान गावातल्या माणसाचे फोटो त्याने जगभर नेले, हेही मान्य.

पण टीका म्हणून हा प्रकार अगदीच गरीब आहे, असं माझं मत आहे. तुमच्या फोटोला १९ मिळाले आणि २० हवे होते. बरं, मग? उद्या काय बदलायचं? आकडा काहीच सांगत नाही. आणि जेव्हा टीका काहीच सांगत नाही तेव्हा माणूस स्वतःच अर्थ लावतो: मागच्या वेळी जे निवडले गेले तसं काढूया. मग सगळ्यांचे फोटो एकमेकांसारखे होत जातात. बोर्डीचा तो एकच फोटो सगळे काढतात त्याचं एक कारण हेही असावं. शोधनिबंधांच्या बाबतीत आपण निदान एवढं तरी ठेवलंय, की नकार आला तरी सोबत परीक्षकांचं पत्र येतं. ते पत्र कितीही झोंबलं तरी आकड्यापेक्षा बरं. आपल्याकडे आता एपीआय, इम्पॅक्ट फॅक्टर आणि काय काय मोजतात त्याबद्दल वेगळं लिहायला हवं, आज नको.

गंमत अशी, की आकडे न देता चूक कशी दाखवायची याचा एक फार चांगला प्रयोग याच बोर्डीत झालेला आहे. फोटोग्राफीत नाही, बालवाडीत. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ तिथेच त्यांच्याबरोबर कामाला लागल्या. वस्तीवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आपण आज सरकारी पाटीवर वाचतो त्याचं मूळ तिथलं. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्यामागची मॉन्टेसरींची एक कल्पना आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे.

मॉन्टेसरी पद्धतीत बक्षीस नाही आणि शिक्षाही नाही. मग मुलाला चुकलं हे कळतं कसं? साधनातूनच. एका लाकडी ठोकळ्यात दहा खाचा असतात, प्रत्येकीत बसणारा एकेक दट्ट्या. एक दट्ट्या चुकीच्या, मोठ्या खाचेत घातला तर तो आत पडतो, त्या क्षणी काही बिघडत नाही. पण शेवटी एक दट्ट्या हातात उरतो आणि त्याला जागा नसते. मूल थांबतं, बघतं, काढून पुन्हा लावतं. बाईंनी ‘चुकलं’ म्हणायची गरजच नाही. ताराबाईंनी महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, खडे असल्या गावातल्या वस्तू वापरल्या, पण तत्त्व तेच ठेवलं. चूक वस्तूत दिसली पाहिजे, बाईंच्या चेहऱ्यावर नाही.

माझ्या मते टीकेचं काम हेच. समोरच्याला त्याची चूक त्याच्याच डोळ्यांनी दिसेल अशी सोय करून द्यायची. ‘क्षितिज तिरकं आहे’ म्हणण्याऐवजी तोच फोटो सरळ करून शेजारी ठेवा. कदाचित तिरकाच चांगला दिसेल! मग वाद तुमच्या-त्याच्यात राहात नाही, दोन फोटोंमध्ये होतो. प्रबंधाच्या बाबतीत: ‘युक्तिवाद पटत नाही’ म्हणू नका. त्याच्या तिसऱ्या प्रकरणातलं एक वाक्य आणि पाचव्यातलं एक वाक्य एका कागदावर खालीवर लिहून त्याच्यापुढे सरकवा आणि गप्प बसा. हातात उरलेला दट्ट्या त्याला दिसेल.

इथे फिल्मवाल्यांकडे एक गोष्ट आहे जी डिजिटलवाल्यांनी हरवली: कॉन्टॅक्ट शीट. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रोल धुतल्यावर निगेटिव्हच्या पट्ट्या कापून सरळ फोटोच्या कागदावर मांडतात, वरून काच, प्रकाश दिला की छत्तीसच्या छत्तीस फ्रेम लहान आकारात, ज्या क्रमाने काढल्या त्या क्रमाने, एका पानावर येतात. फसलेल्या, हललेल्या, डोळे मिटलेल्या सगळ्या. त्या पानावर माणूस कसा विचार करत गेला ते दिसतं. आधी लांबून एक, मग दोन पावलं पुढे, मग अचानक दुसरीकडेच वळला, तिथे सात फ्रेम घालवल्या, आणि शेवटी निवडली ती तिसरी. का? या ‘का’वर बोलायला लागलं की खरी चर्चा सुरू होते, कारण आता तुम्ही निकालावर बोलत नाही, निर्णयांवर बोलता.

डिजिटलमध्ये आपण जागेवरच पडद्यावर बघतो आणि नको ते उडवतो. राहिलेल्या फोटोच्या पोटात शटर, ॲपर्चर, आयएसओ, तारीख, वेळ सगळं नोंदलेलं असतं. फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यात यातलं काहीही नसायचं, वहीत लिहावं लागायचं. म्हणजे यंत्राने काय केलं ते डिजिटल जपतं, माणसाने काय नाकारलं ते टाकून देतं. आणि आता फिल्मवालेही लॅबकडून नुसते स्कॅन मागवतात, कॉन्टॅक्ट शीट कुणी करून घेत नाही, हे मला जरा वाईट वाटतं. उपाय सोपा आहे. आठवडाभर काही उडवायचं नाही. मग एका पानावर छत्तीस लहान फोटो छापून घ्यायचे. कुठलाही साधा प्रिंटर चालतो.

तुमच्या संशोधनात याची जागा कुठली? फील्ड नोट्स, टाकून दिलेले मसुदे, कोडिंगच्या पहिल्या याद्या. गाईडला किंवा मित्राला फक्त शेवटचं प्रकरण दाखवू नका. त्याआधीचे दोन फसलेले मसुदे सोबत द्या. लाज वाटेल, तरी द्या. शेवटच्या मसुद्यावर ‘छान’ किंवा ‘नाही पटलं’ एवढंच म्हणता येतं. तीन मसुद्यांवर ‘दुसऱ्यात तू हे सोडलंस ते का?’ असं विचारता येतं.

टीका घेण्याबद्दल आता थोडं. नृत्यदिग्दर्शक लिझ लेरमन यांनी १९९० च्या सुमारास एक पद्धत बसवली, ती आता बऱ्याच ठिकाणी वापरतात. आधी बघणारे सांगतात की त्यांना काय भिडलं, मग कलाकार स्वतः प्रश्न विचारतो, मग बघणारे असे प्रश्न विचारतात ज्यांच्यात मत दडलेलं नाही, आणि मत द्यायचं झालं तर परवानगी घेऊन. ‘क्षितिज तिरकं का?’ हा तिथे प्रश्न धरत नाहीत, कारण त्यात ‘तिरकं नको होतं’ लपलंय. ‘क्षितिज ठरवताना काय बघत होतास?’ हा प्रश्न. मला ही पद्धत थोडी जास्तच मऊ वाटते, आपल्याकडच्या चहाच्या टपरीवर तिची पायरी पायरी पाळायला गेलात तर लोक हसतील. पण दुसरी पायरी मात्र सोन्यासारखी आहे: ज्याचं काम त्याने आधी विचारायचं. ‘कसा वाटला?’ विचारलंत की ‘मस्त’ हेच उत्तर येणार, दोष तुमच्या प्रश्नाचा. ‘तुझी नजर आधी कुठे गेली, नंतर कुठे?’ असं विचारा. ‘यातला हा माणूस काय करतोय असं वाटतं?’ विचारा. उत्तर आलं की खुलासा करायचा नाही. आलेले शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायचे. तुमच्या फोटोसोबत तुम्ही सगळीकडे खुलासा करायला जाणार नाही, आणि प्रबंधासोबत तर नाहीच.

आणि आपल्याच भाषेतला एक शब्द आठवा. टीका म्हटलं की आपल्याला दोष काढणं ऐकू येतं. पण ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच आहे. टीका म्हणजे अर्थ उलगडून सांगणं. आधी यात काय आहे ते सांगा, मग कसं आहे ते. फोटोग्राफीच्या समीक्षेवर लिहिणारे टेरी बॅरेट यांनीही वर्णन, अर्थ, मूल्यमापन हे वेगवेगळे करून दाखवलेत, आणि वर्गात माझा अनुभव असा आहे, की वर्णन नीट झालं तर मूल्यमापनाची निम्मी भांडणं होतच नाहीत. बरेचदा दोघं वेगवेगळे फोटो बघत असतात, कागद एकच असला तरी.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त छळतो. या सगळ्या चर्चेत फोटोतला माणूस कुठे असतो?

ओळखीच्या एका हौशी फोटोग्राफरची गोष्ट आहे. बोर्डीच्या उत्तरेला झाई, मासेमारीचं गाव. तिथे त्याने मेअखेरीला ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर एक फोटो काढला: बांबूच्या आडव्या काठ्यांवर ओळीने लटकलेले बोंबील, मध्ये एक बाई दोन्ही हात वर केलेली, मागे काळं आभाळ. मित्रमंडळात फार वाहवा झाली. काठ्यांच्या रेषा, हातांचा ताल, ‘नाट्यमय आकाश’. त्याने नाव दिलं ‘सुकवण’. काही महिन्यांनी तो प्रिंट द्यायला पुन्हा गेला. मावशींनी फोटो घेतला, बघितला आणि हसायलाच लागल्या. त्यांचं म्हणणं असं, की मी इथे बोंबील घालत नाहीये, काढतेय! आभाळ बघितलं नाहीस का? पाऊस आला असता तर सगळा माल गेला असता. कडेला शेजारणीच्या काठ्या अर्ध्या रिकाम्या झाल्यात, त्याही त्यांनी बोट ठेवून दाखवल्या.

म्हणजे ज्या फोटोत सगळ्यांना संथ लय दिसत होती त्यात खरंतर एका बाईची धावपळ होती, घरच्या पैशासाठीची. आकाश नाट्यमय होतं ते तिच्यासाठी. बघणाऱ्यांनी त्याचा रंग बघितला, अर्थ बघितला नाही. त्याने घरी येऊन कॉन्टॅक्ट शीट काढली. क्रमाने पाहिलं तर पुढच्या चार फ्रेममध्ये काठ्या रिकाम्या होत गेलेल्या स्पष्ट दिसतात. पुरावा पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे होता, फक्त त्याला प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं.

फोटोतल्या माणसाला टीकाकार म्हणून बोलावण्याचं मोठं उदाहरण चित्रपटातलं आहे. ज्याँ रूश या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने नायजर नदीवर पाणघोड्याच्या शिकारीवर एक चित्रपट केला होता, १९५१ च्या सुमाराला. काही वर्षांनी तो त्याने आयोरू गावी नेऊन, ज्यांच्यावर काढला त्याच लोकांना पडद्यावर दाखवला. शिकारीच्या प्रसंगाला त्याने त्यांच्याच परंपरेतली शिकाऱ्यांची धून लावली होती, शौर्याची. लोकांनी चित्रपट पुन्हा पुन्हा बघितला आणि मग सांगितलं, हे संगीत काढ. शिकारीच्या वेळी शांतता लागते, एवढा आवाज झाला तर पाणघोडा ऐकेल आणि पळून जाईल. रूशने संगीत काढलं. पुढे विषय असलेल्या लोकांना बरोबर घेऊन काम करण्याची त्याची जी पद्धत प्रसिद्ध झाली, तिची सुरुवात तो स्वतः या प्रसंगापासून सांगायचा. बघा, त्या लोकांनी ‘आमचा अपमान झाला’ असं म्हटलं नाही, ‘छान आहे’ असंही नाही. काम जाणणाऱ्याने कामावर केलेली टीका होती ती. कुठल्याच चित्रपट महोत्सवाच्या परीक्षकाला ती सुचली नसती.

तुमच्यापैकी जे मुलाखती घेणार आहेत, वाड्या-पाड्यांवर जाणार आहेत, त्यांनी एथिक्स कमिटीच्या फॉर्मवर सही घेतली की परवानगीचं काम झालं असं समजू नये. सही फोटो काढण्यापुरती असते. फोटो बघून ‘हे असं नाही’ म्हणायची संधी ही वेगळी गोष्ट आहे, तिला कुठल्याही फॉर्मवर रकाना नाही. आणि ती देणं म्हणजे उपकार नव्हे. त्यात तुमचाच फायदा आहे, कारण तुमच्या व्हायव्हाच्या परीक्षकापेक्षा त्या मावशींना बोंबलांबद्दल जास्त कळतं. त्या म्हणतील ते सगळं मान्यच करायला हवं असंही नाही. पटलं नाही तर त्यांचं म्हणणं आणि तुमचं म्हणणं दोन्ही लिहा, आणि फरक का पडतोय ते सांगा. ते तुमच्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं पान होऊ शकतं.

करून बघायचं असेल तर एक काम देते. पंचांग बघून अष्टमीच्या आसपासचा एखादा दिवस धरा आणि बोर्डीला जा. फिल्म असो की डिजिटल, छत्तीसच फोटो काढायचे, एकही उडवायचा नाही. आल्यावर एका पानावर सगळे छापा. ते पान तिघांना दाखवा: एक फोटोग्राफीतला, एक तुमच्या विभागातला, आणि एक असा ज्याचं गाव किंवा काम त्या फोटोंत आहे. तिघांनाही तोच एक प्रश्न विचारा, इथे काय चाललंय? उत्तरं शब्दशः लिहा, तारखेसकट. आणि ज्यांचे चेहरे आलेत त्यांच्यासाठी एकेक चार-बाय-सहाची प्रिंट पुढच्या फेरीला घेऊन जा, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून. किनाऱ्यावरच्या दमट हवेत कागद लगेच वाकडा होतो.